कणगीची खोली

निवृत्त पोलिसाला लोक हमखास विचारतात, "साहेब, तुम्ही पकडलेला सगळ्यात मोठा गुन्हेगार कोणता?" मी सांगतो, मला सगळ्यात जास्त आठवते ती न झालेली अटक. ऐकणाऱ्याला वाटते, म्हातारा प्रश्न टोलवतोय. पण खरेच तसे आहे. कागद तयार होते, कलम ठरले होते, सही तेवढी बाकी होती. ती झाली असती तर एक निरपराध बाई खुनाच्या आरोपाखाली आत गेली असती आणि मी छाती पुढे काढून बढतीची वाट पाहत बसलो असतो. ते टळले, पण माझ्या हुशारीने नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या एका सिस्टरने विचारलेल्या साध्या प्रश्नाने टळले. त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत, निदान लिहून तरी ठेवतो.

नव्वदचे दशक सुरू होऊन तीन-चार वर्षे झाली होती. बीड जिल्ह्यात तेलगावच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. आमच्या भागात तेव्हा दर सहा महिन्यांनी कृषी सेवा केंद्राची नवी पाटी लागायची. जिथे कालपर्यंत सरकी आणि सुतळी मिळायची, त्या दुकानांत फवारणीच्या रंगीत बाटल्या आणि डबे दिसू लागले होते. असते ते विष, पण आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात. गिऱ्हाईक दुकानात शिरले की पहिला प्रश्न, "लई कडक कोणतं हाय?"

भाद्रपद चालू होता, चार दिवसांपासून झड लागलेली. सकाळी आठच्या सुमारास एका गावचा पोलीस पाटील वर्दी, म्हणजे घटनेची खबर, घेऊन आला. डोक्यावरचे पोते तसेच ठेवून म्हणाला, "साहेब, शेळ्यावाल्याच्या घरी घात झाला. म्हातारीची धाकली नात गेली. म्हातारी आन मोठी नात वकून वकून बेसुद पडल्यात. टेम्पोत घालून बीडला लावून दिलंय."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली, अकस्मात मृत्यू दाखल केला आणि मी जीप काढली. बरोबर आमचे हवालदार होते. गळ्यात तुळशीची माळ, व्यसन म्हणून साधी सुपारी नाही, आणि दुसऱ्याच्या घरचे पाणीसुद्धा विचार करून पिणारा माणूस. कुठेही बंदोबस्ताला गेले तरी त्यांच्या पिशवीत घरच्या दशम्या असायच्या. आम्ही त्यांना त्यावरून खूप छळायचो.

घर शेळ्या राखणाऱ्यांचे, थोडी कोरडवाहू जमीन बाळगून असणाऱ्यांचे. घर म्हणजे एकच खोली. जाड मातीच्या भिंती, धाब्याचे छत, एक दार, खिडकी नाही. पुढे पत्र्याची पडवी, तिथे चूल, आणि तिथेच धाकटा मुलगा आणि त्याची बायको झोपायची. मोठा मुलगा शेळ्यांच्या वाड्यावर राखणीला असे. त्याची बायको चार दिवसांसाठी माहेरी गेली होती आणि तिच्या दोन मुली आजीजवळ खोलीत झोपत होत्या. त्याच खोलीच्या कोपऱ्यात ज्वारीची कणगी होती. तुरीच्या काड्यांनी विणलेली, पुरुषभर उंच, घराचे वर्षाचे धान्य पोटात घेऊन उभी. तिला नुकतेच शेणमातीने लिंपलेले दिसत होते. मी त्या ओल्या लिंपणाकडे पाहिले आणि पुढे गेलो. खोलीत लसणासारखा उग्र वास होता. मला वाटले, रात्री ठेचा झाला असेल. पंचनाम्यात मी तो वास लिहिलासुद्धा नाही.

भाकरीचे तुकडे, पिठल्याचे पातेले, दुधाचा तांब्या, सगळे सीलबंद केले. चौकशीत कळले की रात्री सगळ्यांनी एकच जेवण केले होते. दोन्ही मुलगे आणि धाकटी सून ठणठणीत होती. मात्र झोपताना म्हातारीने आणि दोन्ही मुलींनी शेळीचे दूध घेतले होते. ते तापवून कोणी दिले? धाकट्या सुनेने. माझ्या डोक्यात साखळी जुळायला लागली.

दुपारी मोठी सून माहेराहून आली. मेलेल्या लेकराची आई काय बोलते हे ज्याने ऐकले आहे त्याला सांगायला नको. तिने जावेच्या दंडाला धरून तिला गदागदा हलवले. "पोरी तुझ्या पदरात टाकून गेलते की ग मी! देवानं तुला दिलं न्हाई म्हून माझ्या लेकराचा घास घेतलास?"

धाकटीच्या लग्नाला पाच वर्षे झाली होती, मूल नव्हते. आमच्याकडे अशा बाईवर संशय घ्यायला गावाला पुरावा लागत नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही लागला नाही.

पुरावाही मग चालत आला. तेलगावच्या हॉटेलात चहा घेत होतो, तर एक फेटेवाला शेजारी येऊन बसला आणि कपात तोंड घालून बोलल्यासारखे बोलला. "सायेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. परवा बाजाराच्या दिशी त्या धाकलीला इखाच्या गोळ्या घेताना म्या बघितलंय." दुकानही त्याने सांगितले. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

दुकानदार कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग असलेला शांत गृहस्थ होता. लपवाछपवी काही नाही. "दिल्यात की साहेब. ज्वारीला सोंडे किडे झालेत म्हणली. पोत्याला एक, अशा धा गोळ्या दिल्या." डब्यातून काढून, कागदाच्या पुडीत बांधून.

"देताना काही सांगितलं?"

"लेकराच्या हाताला लागू देऊ नका म्हणलो. आनखी काय सांगायचं?"

त्याचा जबाब घेतला आणि बिनतारी संदेश पाठवून बीडहून महिला पोलीस मागवली. चारच्या सुमारास पोलीस पाटलाच्या घरी धाकटीला समोर बसवले. पंचविशीची, काटक बाई. ती रडत नव्हती, आणि तेही मला खटकले. पोलिसाचे असेच असते. बाई रडली तर सोंग, नाही रडली तर काळीज दगडाचे.

"गोळ्या कोणी आणल्या?"

"म्या आणल्या."

"टाकल्या कोणी?"

"म्याच टाकल्या. काल दुपारी."

लेखनिकाचा पेन धावत होता. इतक्या झटपट कबुली मिळाली म्हणून मी खुर्चीत जरा सैल बसलो.

"कशात टाकल्या?"

"कणगीत. फडक्यात बांधून ज्वारीत खुपसल्या आन वरून लिंपलं. आत्याबाईंनीच सांगितलं व्हतं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, आणि ती बीडला बेशुद्ध. साक्षीला बोलावणार कोणाला? हा बचाव मला फारच सोयीचा वाटला.

"आणि दुधात किती टाकल्या?"

"दुधात कावून टाकीन साहेब? दुधाला सोंडे लागत्यात व्हय?"

महिला पोलिसाने तोंडाला पदर लावला. मी मात्र भडकलो, टेबल नव्हते म्हणून मांडीवरच मूठ आपटली. "उलट बोलू नको! मग तिघीच कशा पडल्या? तुला काहीच कसं झालं नाही?"

"तेच तर मला कळंना. मी कावून न्हाई मेले, हेच इचारतीय देवाला."

हे वाक्य मी जबाबात घेतले नाही. माझ्या लेखी ते रडगाणे होते.

दिवस मावळत आला होता. बाईमाणसाला अंधारात ठाण्यात नेले की गावात दहा फाटे फुटतात, म्हणून अटक सकाळी करायची ठरवली. धाकटीला महिला पोलिसाच्या ताब्यात पाटलाच्या घरीच ठेवले. खोलीवर हवालदारांना पहारा दिला, आत कोणालाही सोडायचे नाही. दुखवट्याला पंधरा-वीस पाहुणे जमले होते, पावसात शेजाऱ्यांच्या पडवीत अंग चोरून बसले होते. त्यांना मी मोठ्या मनाने सांगितले, "उद्या खोली तुम्हाला मोकळी करून देतो, खुशाल झोपा."

सकाळी कागद घेऊन आलो तर हवालदार पडवीत भिंतीला टेकून बसलेले, चेहरा राखेसारखा, आणि पुढ्यात ओकारी. पावसाचा सपकारा येत होता म्हणून ते आत बसले होते आणि दार लोटून घेतले होते. मी काय करावे? विचारपूस? छे. मी ओरडलो, "रात्री कुणाबरोबर बसला होतास बे?"

त्यांनी गळ्यातली माळ धरून दाखवली. "साहेब, माळ हाय गळ्यात."

"मग खाल्लं काय?"

"घरच्या दशम्या. या घरचं पाणी बी न्हाई घेतलं."

शेजारच्या गावात आरोग्य उपकेंद्र होते. जीपमध्ये घालून त्यांना तिथे नेले. तिथल्या सिस्टर पन्नाशीकडे झुकलेल्या, सहा-सात गावे पायी फिरणाऱ्या. अंगावर पांढरी साडी, तिचा काठ चिखलाने भरलेला. त्यांनी हवालदारांची नाडी धरली. मी माझ्या सवयीने काय खाल्ले, कधी खाल्ले, कोणी दिले, हे सगळे सांगायला लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले.

"खाल्लं काय ते ऱ्हाऊ द्या साहेब. हे झोपले कुठं व्हते?"

"त्या घरातल्या खोलीत. पहाऱ्यावर."

"आन त्या तिघी कुठं झोपल्या व्हत्या?"

"त्याच खोलीत," मी म्हणालो. जे आजारी पडले ते सगळे त्या खोलीत झोपले होते. जे पडवीत आणि वाड्यावर झोपले त्यांना काही झाले नव्हते. कालपासून मी कोणी काय गिळले हेच शोधत होतो.

"खोलीत धान्य हाय का? गोळ्या टाकल्यात का कुणी?" सिस्टर उठल्याच. त्यांनी हवालदारांना आधी दुसऱ्या गाडीने बीडला पाठवायला लावले आणि स्वतः जीपमध्ये बसल्या. वाटेत सांगत होत्या. दोन वर्षांपूर्वी एका वाडीवर अख्खे घर असेच डोके धरून ओकत होते. शेतात राहायला गेले की बरे, घरात आले की पुन्हा तेच. त्यांनी नाद सोडला नाही, शेवटी कणगीपर्यंत पोचल्या. वर कळवलेही होते. "पर मिटिंगमधी नसबंदीची ऑपरेशनं किती झाली ते इचारत्यात साहेब. मानसं झोपत्यात कुठं, ते कोन इचारतंय?"

घरी पोचताच त्यांनी सगळ्यांना लांब उभे केले, दार सताड उघडायला लावले आणि सकाळचा बराच वेळ कोणाला आत जाऊ दिले नाही. पाहुणे कुरकुरत होते, त्यांना खोली हवी होती. सिस्टर आमच्या एखाद्या जमादारासारख्या दारासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग आम्ही आत गेलो. कणगीच्या मागे डालगे होते. आदल्या दिवशीच्या पंचनाम्यात 'डालग्याखाली एक कोंबडी' असे मीच लिहिले होते. ती जिवंत आहे की मेलेली, हे पाहिले नव्हते. सिस्टरनी डालगे उचलले. कोंबडी अंड्यांवर पंख पसरून बसल्या जागी मेली होती.

"ही खुडूक हाय," सिस्टर म्हणाल्या. "अंड्यावरनं हालत न्हाई. हिला दूध कुनी पाजलं साहेब?"

तीस वर्षे झाली या वाक्याला. वकिलांच्या उलटतपासण्या पुष्कळ झेलल्या, पण असा प्रश्न कोणी विचारला नाही.

दुकानदाराला डब्यासह बोलावले. डब्यावर इंग्रजी-हिंदीत, मुंगीएवढ्या अक्षरात सगळे लिहिलेले होते. ओल लागली की गोळीतून लसणासारख्या वासाचा विषारी वायू निघतो, माणसे राहतात तिथे वापरू नये. मी ते दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवले. डबा दुकानात राहायचा आणि गोळी घरात जायची, मग वाचणार कोण? पिढ्यानपिढ्या या घरांत कणगीत कडुलिंबाचा पाला आणि राख घालत आले, वरून लिंपत आले आणि कणगीला पाठ लावून झोपत आले. पाल्याने कधी कोणाचे काही बिघडले नाही. पाल्याच्या जागी गोळी आली, बाकीची रीत तीच राहिली. त्यात झडीचे दिवस, हवेत ओल, थंडी वाजते म्हणून दार बंद.

पोस्टातून बीडला ट्रंककॉल लावला. तिथले डॉक्टर विषबाधेचे उपचार करतच होते, पण ती अन्नातून झाली असे धरून. सिस्टरनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला आणि दोन मिनिटांत सगळे सांगितले. आज्जी आणि मोठी नात वाचल्या. हवालदार दोन दिवसांत उठून बसले आणि माझ्या त्या 'बे'बद्दल त्यांनी आयुष्यात कधी टोमणा मारला नाही, त्यांचेही मी ऋण मानतो. तिसऱ्या दिवशी म्हातारीला बोलता यायला लागले. तिने पहिल्यांदा धाकटीचे नाव घेतले. "तिला कावून धरलंय? गोळ्या टाक म्हून मीच सांगितलं व्हतं."

त्याआधीच मी धाकटीला मोकळे केले होते. "जा," म्हणालो. ती उठली नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "जाऊबाईला कोन सांगंल?" मी सांगेन म्हणालो. सांगितलेही, पण मोठीने मान फिरवली. लेकरू गेल्यावर कोणाला तरी दोष देता येत होता, तोही मी काढून घेतला, असेच तिला वाटले असणार.

सिस्टरचे आभार मानायला मी ठाण्यातून नारळ आणि साडी घेऊन गेलो. त्यांनी नारळ ठेवून घेतला, साडी परत केली. "उपकार मानू नका, जीप द्या. भोंगा लावून. इथनं फुडं दिवाळीपातुर घरोघर गोळ्या पडतील."

सरकारी डिझेल, सरकारी जीप. कोणत्या सदराखाली नोंदवायची हे मला कळेना. शेवटी लॉगबुकात 'कायदा व सुव्यवस्था' लिहिले आणि पंधरा दिवस जमेल तसे आम्ही गावोगाव फिरलो. दुकानदार स्वतःहून बरोबर आला. गोळीसोबत सांगायचे राहिले ते भोंग्यावरून सांगायचे, असे त्याने आपणच ठरवले होते. एका वाडीत एक म्हातारा सगळे शेवटपर्यंत ऐकून जीपजवळ आला आणि म्हणाला, "साहेब, धान्याच्या खोलीत झोपू नका म्हणता. खोली एकच हाय. मंग ज्वारी भाईर भिजवू, का लेकरं?"

उत्तर सिस्टरनी दिले. गोळीच टाकू नका, ऊन पडले की ज्वारी वाळवा, पाला घाला, थोडे सोंडे लागले तर पाखडून खा. म्हातारा मान डोलावत गेला. पण त्याचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. कायद्याच्या पुस्तकात आजाराचे कारण माणूस असतो, कोणीतरी काहीतरी दिलेले असते. तोवर मी तसेच मानत होतो. एकाच खोलीत धान्य, कोंबडी, म्हातारी आणि लेकरे राहतात तेव्हा त्या खोलीचाही जबाब घ्यावा लागतो, हे मला सिस्टरनी शिकवले. पुढच्या नोकरीत कोणत्याही संशयास्पद मृत्यूला गेलो की मी आधी खिडक्या मोजायचो. त्यातून आणखी दोन माणसे आळातून सुटली. त्याचे श्रेय माझे नाही.

रासायनिक विश्लेषकांचा अहवाल आला, दूध-भाकरीत काही निघाले नाही, आणि प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून बंद करायचे ठरले. शेवटचा जबाब मोठ्या सुनेचा, मुलीच्या आईचा. ती ठाण्यात आली तेव्हा धाकटी तिच्या बरोबर होती. दोघी एकाच बाकावर बसल्या, मध्ये जागा ठेवून. लेखनिकाने नेहमीचे वाक्य वाचून दाखवले, 'मरणाबाबत माझा कोणावरही संशय अगर तक्रार नाही.' तिने अंगठा पुढे केला आणि मध्येच थांबली.

"आनखी एक लिवा."

"काय?"

"म्या हिच्यावर आळ घेतला व्हता. चार मानसांत. ते खोटं व्हतं, ते बी लिवा."

लेखनिकाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बाई, त्याची गरज नाही. कायद्यात बसत नाही ते."

"तुमच्या कायद्याचं मला काय करायचंय? बोलले चार मानसांत, तर कागदावर बी ऱ्हाऊ द्या."

मी लिहायला सांगितले. तिने अंगठा उठवला आणि शाईचा हात पुसायला जागा शोधू लागली. धाकटीने आपला पदर पुढे केला.

त्या दोघी गेल्यावर मी सगळी फाइल पहिल्या पानापासून वाचली. वर्दी, पंचनामा, जबाब, अहवाल, सगळे जागच्या जागी होते. आईने घेतलेला आळ त्यात होता आणि तो खोटा होता हेही होते. तोच आळ मीही घेतला होता, तोही खाकी वर्दी अंगावर असताना. त्याची नोंद मात्र कोणत्याच कागदावर नव्हती. ती आज इथे करतो.